रोडबुकमागची माणसं



आजचं व्याख्यान मी कोलकात्यातल्या गार्डन रीचहून देतो आहे. 'रीच' म्हणजे नदीच्या दोन वळणांमधला सरळ पट्टा. हुगळी नदी इथे काही अंतर सरळ वाहते, म्हणून हे नाव. मी मूळचा नागपूरचा. नोकरी रेल्वेत केली आणि नोकरीची बरीच वर्षं इथल्या दक्षिण पूर्व रेल्वेच्या मुख्यालयात, सुरक्षा विभागात गेली. नागपूरच्या माणसाला गार्डन रीच परकं वाटू नये, याला इतिहासाचाच आधार आहे. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा कारभार पुढे इथूनच चालला. त्याच साली, इथून हाकेच्या अंतरावर मटियाबुर्जमध्ये, अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह वारला. नवाबाचा काळ संपला आणि रेल्वेचा सुरू झाला, तो असा एकाच वर्षी.

पण आजचा विषय नवाब नाही आणि रेल्वेही नाही. आजचा विषय आहे मोटारसायकलची सर्वांत खडतर शर्यत, म्हणजे डकार रॅली. हिंदीत डकार म्हणजे ढेकर, त्यामुळे नाव ऐकून आमच्या ऑफिसातली बिहारी मंडळी हसायची. खरं डकार ही आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरच्या सेनेगल देशाची राजधानी. शर्यत आता तिथे जातही नाही, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर रेल्वेचे नियम वाचणाऱ्या माणसाचा वाळवंटातल्या मोटारसायकलींशी काय संबंध? संबंध नियमांचाच आहे. रेल्वेत 'जनरल अँड सब्सिडियरी रुल्स' नावाचं पुस्तक असतं. आमची जुनी माणसं सांगायची की यातली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी रक्ताने लिहिलेली आहे. कुठेतरी गाडी आदळली, माणसं गेली, चौकशी झाली, मग एक कलम वाढलं. डकारचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा मला तेच पुस्तक वेगळ्या कातडीत दिसलं. आज तो इतिहास मी तुम्हाला विजेत्यांच्या यादीतून न सांगता नियमांच्या बाजूने सांगणार आहे.

आधी शर्यत कशी चालते ते पाहू. साधारण दोन आठवडे, एकूण सात-आठ हजार किलोमीटर. त्यातला मोठा भाग डांबरी रस्ता सोडून वाळू, दगड, कोरडी नदीपात्रं यांतून जातो. रोजच्या टप्प्याचे दोन तुकडे असतात. एक 'स्पेशल', जिथे घड्याळ लावून शर्यत होते. दुसरा 'लायझन', म्हणजे तिथवर पोहोचायचा किंवा तिथून मुक्कामी जायचा प्रवास. लायझनला वेगाचं बक्षीस नाही, पण थंडीत पहाटे अंधारात निघून शंभर-दोनशे किलोमीटर गाडी हाकावी लागते, तेव्हा कुठे शर्यत सुरू होते. मोटारगाडीत वाट सांगायला शेजारी दुसरा माणूस असतो. मोटारसायकलवाला एकटा. हात हँडलवर, डोळे जमिनीवर, आणि मध्येच नजर रोडबुकवर.

हे रोडबुक म्हणजे पूर्वी कागदाची लांबलचक गुंडाळी असे, आता बहुतेक ठिकाणी तो पडदा असतो. त्यावर नकाशा नसतो. अमुक किलोमीटरला डावीकडे, अमुक अंशाच्या दिशेने सरळ, इथे खड्डा, इथे उतार, एवढंच. धोक्याच्या जागी उद्गारचिन्हं असतात. एक असेल तर जपून, दोन असतील तर फार जपून, तीन असतील तर जवळजवळ थांबाच. आमच्या लोको पायलटला गाडी सुटण्यापूर्वी कॉशन ऑर्डर मिळते. कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत किती वेग, ते त्यात लिहिलेलं असतं. रोडबुक हे त्याचंच वाळवंटातलं भावंड.

यात एक वर्ग असा आहे की ज्यात स्वाराला मेकॅनिकही नसतो. दिवसभर गाडी चालवायची, रात्री तंबूपाशी बसून स्वतःच तेल, फिल्टर, टायर बदलायचं, पुढच्या दिवसाचं रोडबुक तपासायचं, आणि उरलेल्या वेळात झोपायचं. तो उरलेला वेळ कधी कधी तीन तासांचाही नसतो. या शर्यतीत माणूस हरतो तो बहुतेक वेळा झोपेअभावी. रेल्वेत धावत्या गाडीवरच्या माणसांच्या कामाचे तास का मोजले जातात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही.

आता सुरुवात. १९७७ साली तिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच तरुण आबिजान ते नीस या शर्यतीत मोटारसायकलवर होता. तो सहारात वाट चुकला. पाण्याविना, उन्हात, मरणाच्या दारात असताना तो सापडला. घरी परतल्यावर अशा माणसाने वाळवंटाचं नाव टाकायला हवं होतं. याने उलट ठरवलं की इतरांनाही तिथे न्यायचं. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून पहिली पॅरिस-डकार शर्यत निघाली. सुमारे दहा हजार किलोमीटर, १८२ वाहनं. डकारला पोहोचली ७४. पहिला आला सिरिल नव्ह, यामाहा एक्सटी ५०० या एका सिलिंडरच्या साध्या मोटारसायकलवर. मोटारगाड्यांनाही त्याने मागे टाकलं होतं. पण त्याच पहिल्या शर्यतीत पॅट्रिस दोदँ हा मोटारसायकलस्वार मेला. म्हणजे पहिला विजेता आणि पहिला मृत एकाच वर्षीचे.

त्या काळी नियम फारसे नव्हतेच. होकायंत्र, नकाशा आणि नशीब. १९८२ च्या जानेवारीत ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचा मुलगा मार्क आपल्या गाडीसह सहारात हरवला. सहा दिवस पत्ता नव्हता. शेवटी अल्जीरियाच्या लष्कराला तो सापडला. पंतप्रधानांचा मुलगा होता म्हणून विमानं उडाली, जगभर बातमी झाली. वाट चुकलेल्याला शोधायचं कसं, हा प्रश्न त्यामुळे सगळ्यांपुढे आला. उपग्रहावरून जागा सांगणारं जीपीएस या शर्यतीत आलं ते १९९२ साली.

१४ जानेवारी १९८६ रोजी खुद्द साबीन गेला. मालीत वाळूच्या वादळात त्याचं हेलिकॉप्टर कोसळलं. फ्रान्सचा लोकप्रिय गायक दानिएल बालावोआनसह पाच जण त्यात होते, पाचही गेले. १९८८ साली तर शर्यतीशी काही देणंघेणं नसलेली माणसं मेली. त्यांत मालीतली एक दहा वर्षांची मुलगी होती. तिच्या गावातून शर्यत जात होती, एवढाच तिचा शर्यतीशी संबंध. खेळाडू निदान स्वतःच्या मर्जीने सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो. त्या मुलीला कुणी विचारलं होतं? वस्तीतून जाताना वेगावर मर्यादा पाळायची, ओलांडली तर दंड भरायचा, हा नियम आज स्वारांना त्रासदायक वाटतो. पण त्याच्या मागे अशी माणसं उभी आहेत.

२००५ मध्ये एका दिवसाच्या अंतराने दोन मोटारसायकलस्वार गेले. एक स्पेनचा होसे मानुएल पेरेस, दुसरा इटलीचा फाब्रिझिओ मेओनी. मेओनी २००१ आणि २००२ असा लागोपाठ दोनदा विजेता होता. अनुभव कमी म्हणून मेला, असं त्याच्याबद्दल कुणी म्हणू शकत नव्हतं. पुढच्या वर्षी मोटारसायकलींच्या वेगाला लगाम घातला गेला. आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा अँडी कॅल्डेकॉट पडून मेला. नियम केला म्हणून मरण थांबतंच असं नाही, हे आम्हा रेल्वेवाल्यांनाही माहीत आहे. तरी नियम करत राहावं लागतं. २०११ पासून इंजिन ४५० सीसीपुरतं मर्यादित झालं. इंधनाच्या थांब्यावर सक्तीची विश्रांती आली. २०२१ पासून पडताक्षणी फुगणारं एअरबॅग जॅकेट बंधनकारक झालं. दरम्यान शर्यतीनेच खंड बदलले होते. मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाल्यावर २००८ ची शर्यत सुटण्याच्या आदल्या दिवशी रद्द झाली. २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे.

आता आपल्याकडे येऊ. भारतात असल्या शर्यतींची शाळा हिमालयात आणि थरच्या वाळवंटात भरली. रेड डी हिमालय १९९९ साली सुरू झाली, डेझर्ट स्टॉर्म २००३ साली. त्या पिढीतून बंगळूरचा सी. एस. संतोष पुढे आला. २०१५ साली डकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय ठरला, क्रमांक ३६ वा. छत्तिसावा म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण मुक्कामी न पोहोचलेल्यांची यादी समोर ठेवून तो आकडा वाचा. २०१७ पासून हिरो कंपनीचा संघ उतरला, टीव्हीएस त्याआधीच शेर्को या कंपनीबरोबर उतरली होती. २०२१ साली मोटारसायकल गटात तीन भारतीय होते. संतोष, केरळचा हरिथ नोआ आणि आशिष रावराणे. रावराणे हे आडनाव स्पर्धकांच्या यादीत वाचलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, कोकणच्या मातीचा वास आला. त्या वर्षी चौथ्या टप्प्यात संतोष जबर पडला. त्याला हेलिकॉप्टरने रियाधच्या रुग्णालयात नेलं, औषधं देऊन बेशुद्धावस्थेत ठेवावं लागलं. तो वाचला. नोआ त्या वर्षी विसावा आला आणि २०२४ मध्ये एकूण अकरावा, आपल्या रॅली-२ वर्गात पहिला.

या सगळ्या इतिहासात एक कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं. ते वेगाचं नाही, इंजिनाचं नाही. पडलेल्या स्वारासाठी जो थांबेल त्याचा थांबण्यात गेलेला वेळ त्याला परत मिळतो, असं ते कलम. शर्यतीत सेकंदांवर नशीब ठरतं. अशा ठिकाणी थांबणाऱ्याचं नुकसान होऊ द्यायचं नाही, हे कुणीतरी लिहून ठेवलं.

२०१६ ची गोष्ट. पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस आघाडीच्या स्वारांपैकी एक होता. सातव्या टप्प्यात त्याला ऑस्ट्रियाचा मथियास वॉकनर पडलेला दिसला. मांडीचं हाड मोडलं होतं. वॉकनर प्रतिस्पर्धी, दुसऱ्या कंपनीच्या गाडीवरचा. गोन्साल्विस थांबला, मदत येईपर्यंत थांबला. त्याचे गेलेले मिनिटं नियमाप्रमाणे परत मिळाले. वॉकनर बरा झाला आणि २०१८ साली चक्क डकार जिंकला.

१२ जानेवारी २०२०. सौदी अरेबिया, पुन्हा सातवा टप्पा. गोन्साल्विस आता आपल्या हिरो संघात होता. तो पडला. त्याच्यापाशी जे थांबले त्यांत ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस होता. प्राइस दोनदा विजेता झालेला आणि त्या वर्षीही जिंकण्यासाठीच आलेला. तो तिथून हलला नाही. हेलिकॉप्टर आलं, पण गोन्साल्विस वाचला नाही. दुसऱ्या दिवशीचा मोटारसायकलींचा टप्पा रद्द झाला. हिरोने आपला संघ माघारी घेतला. त्याच संघात गोन्साल्विसचा मेहुणा जोआकिम रॉड्रिग्ज होता. दोन वर्षांनी, २०२२ च्या जानेवारीत, त्याच रॉड्रिग्जने एक टप्पा जिंकला. भारतीय कंपनीच्या गाडीने डकारचा टप्पा जिंकण्याची ती पहिली वेळ. २०२४ मध्ये रॉस ब्रांच याच संघातून एकूण दुसरा आला.

थांबलेल्याला वेळ परत देणारं हे कलम मला इथे, नदीकाठी बसून, ओळखीचं वाटतं. गार्डन रीचसमोरून जहाजं जातात. इथल्याच कारखान्यात स्वतंत्र भारताची पहिली देशी बनावटीची युद्धनौका, आयएनएस अजय, तयार झाली आणि १९६१ मध्ये नौदलाकडे गेली. जहाजाच्या पोटावर एक खूण असते. माल भरल्यावर पाणी त्या रेषेच्या वर येता कामा नये. भार जास्त लादल्यामुळे खलाशी बुडत, म्हणून इंग्लंडच्या संसदेत सॅम्युएल प्लिमसोल भांडला आणि १८७६ साली ती रेषा बंधनकारक झाली. टायटॅनिक बुडाल्यावर दोन वर्षांनी, १९१४ मध्ये, समुद्रावरच्या सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. आणि संकटात सापडलेल्याला मदत करणं हे आज समुद्रावर कप्तानाचं कायदेशीर कर्तव्य आहे. समुद्र आणि वाळवंट दोन्हीकडे माणूस एकटा पडतो, म्हणून दोन्हीकडचा कायदा जवळच्या माणसाला थांबायला लावतो.

मग रस्त्याचं काय? २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळजवळ ४४.५ टक्के दुचाकीवरची. या माणसांनी कुठल्या शर्यतीत नाव घातलं नव्हतं. कामावर, बाजारात, शाळेत चालली होती.

२०१८ च्या पावसाळ्यात मी इथल्याच रस्त्यावर चालत होतो. या रस्त्यावर एका बाजूला बंदराचे कंटेनर ट्रेलर आणि दुसऱ्या बाजूला मटियाबुर्जच्या शिलाई कारखान्यांतून निघालेले कपड्यांचे गठ्ठे. एक पोरगा स्कूटरवर दोन मोठे गठ्ठे बांधून चालला होता. ओल्या खडीवर घसरला, गठ्ठे एकीकडे, तो दुसरीकडे. डोक्यातून रक्त. माणसं जमली, पण हात कुणी लावेना. मागून कुणीतरी म्हणालं, "पुलिश केस होये जाबे." शेवटी एका हातगाडीवाल्याने आपला माल खाली उतरवला आणि पोराला गाडीवर घेतलं. मीही बरोबर गेलो. रुग्णालयाच्या दारात कुणीतरी हातगाडीवाल्याचं नाव विचारलं, तसा तो मागे सरकला. मी त्याला म्हटलं, "दादा, नाम ना दिलेओ चोले." नाव नाही सांगितलं तरी चालतं. त्याला विश्वास बसला नाही. तो निघून गेला. पोरगा वाचला. हातगाडीवाल्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली, ती त्याला कुणी परत केली नाही.

मी त्याला जे सांगितलं ते खरं होतं. गोन्साल्विस वॉकनरसाठी थांबला तो जानेवारी २०१६. त्याच वर्षी ३० मार्चला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या सूचनांना कायद्याचं बळ दिलं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, त्याला साक्षीदार व्हायला भाग पाडता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. सद्हेतूने मदत करताना जखमीला काही झालं तर त्याची जबाबदारी मदत करणाऱ्यावर येत नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला ५,००० रुपयांचं बक्षीस जाहीर केलं, २०२५ मध्ये ते २५,००० झालं. बुडालेली मजुरी परत मिळायची सोय, उशिरा का होईना, झाली.

पण रेल्वेतला माझा अनुभव असा आहे की पुस्तकात असलेला नियम आणि माणसाच्या डोक्यात असलेला नियम यांच्यात फार अंतर असतं. चौकशीच्या अहवालांत पुन्हा पुन्हा दिसतं, नियम होता, त्या क्षणी तो कुणाला आठवला नाही. म्हणूनच १९४१ साली रेल्वेच्या तपासनिसांना रेल्वे बोर्डापासून वेगळं काढलं. आज रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे आहे. बाहेरच्या माणसाने येऊन विचारावं, नियम आठवला का? डकारमध्ये स्वाराला तो आठवावा लागतो, कारण हँडलसमोरच्या यंत्रावर अपघाताची सूचना येते आणि थांबण्याची वेळ यंत्र नोंदवतं. आपल्या रस्त्यावर असं यंत्र नाही. तिथे हे कलम आपल्यालाच पाठ असावं लागतं.

तेव्हा हे व्याख्यान ऐकून किंवा वाचून झाल्यावर एक काम करा. विजेत्यांची नावं विसरलात तरी चालेल. घरातल्या, गल्लीतल्या, कामावरच्या कुणाला तरी एवढं सांगा की पडलेल्यासाठी थांबलं तर पोलिसांची भानगड मागे लागत नाही, आणि नाव सांगायची सक्ती नाही. रिक्षावाल्यांना सांगा, पानवाल्यांना सांगा, हातगाडीवाल्यांना तर जरूर सांगा. रस्त्यावर सगळ्यात आधी पोहोचणारी माणसं तीच असतात.